पीटीएस/१७ वरचा माणूस

सोमवार, २३ जानेवारी २०२३. सकाळचे सव्वासात. मी चहा गाळत होतो आणि विभागप्रमुख सरांचा फोन आला.

"तो अजून आत आहे."

कोण, कुठे, काही कळेना. सरांनी मेल वाचून दाखवला तेव्हा गाळणं तसंच हातात राहिलं. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात एक लिनक्स सर्व्हर आहे. एका तपासणी समितीने सुचवलं म्हणून मी त्यावर रोज सकाळी सातला चालणारी एक क्रॉन नोंद टाकली होती. 'हू' ही कमांड चालवायची आणि जे उमटेल ते सरांना मेल करायचं, एवढंच तिचं काम. त्या वेळी सर्व्हरवर कोण लॉगिन आहे ते 'हू' सांगते. सर हा मेल वर्तमानपत्रासारखा वाचायचे. त्या दिवशी त्यात तीन ओळी होत्या:

अ‍ॅडमिन पीटीएस/० २०२३-०१-२२ १८:४१ (१०.०.१.५)
परीक्षा पीटीएस/१ २०२३-०१-२१ ०९:१५ (१०.०.१.८)
सहायक३ पीटीएस/१७ २०२२-०८-१७ १०:५२ (१०.०.४.२७)

प्रत्येक ओळीत खात्याचं नाव, टर्मिनल (पीटीएस/० वगैरे, म्हणजे त्या माणसाला मिळालेली जोडणीची खिडकी), आत आल्याची वेळ आणि कुठल्या मशीनवरून आला तो पत्ता. पहिल्या दोन ओळी रोजच्याच. तिसरी बघून सरांचं रक्त तापलं होतं. 'सहायक३' हे खातं एका प्रकल्प सहायकाचं. तो ३१ ऑक्टोबरला नोकरी सोडून गेला होता आणि गोडीगुलाबीने गेला नव्हता. मानधन थकलेलं, त्यावरून दोन-तीनदा केबिनमध्ये आवाज चढलेला, आणि त्याचं अनुभव प्रमाणपत्र सरांच्या टेबलावर सहीविना पडून. सरांनी तारीख वाचली आणि सरळ अर्थ लावला की गडी १७ ऑगस्टपासून आत बसलाय. नोकरी सोडली तरी आतच आहे. पाच महिने.

"परवापर्यंतच्या मेलमध्ये तो नव्हता, सर," मी म्हणालो.

"तेच तर. लपून बसला असेल."

मी उगाच हसण्यावारी नेलं नाही, कारण माझ्या मनात एक पाल चुकचुकली होती. तो गेला त्या दिवशी मी त्याच्या खात्याचा पासवर्ड लॉक केला होता. फक्त पासवर्ड. एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायच्या सुरक्षित वाटेने, येणारा माणूस पासवर्डऐवजी किल्लीच्या जोडीने (दोन जुळत्या फाइलींनी) येत असेल, तर डेबियन या आमच्या लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत पासवर्ड लॉक केल्याने त्याला अडत नाही. त्याच्या होम फोल्डरमध्ये किल्ली होती का, हे मी बघितलंच नव्हतं.

साडेआठला पोचलो तोवर सरांनी तपास सुरू केलेला होता. १०.०.४.२७ म्हणजे प्रयोगशाळा चारमधलं २७ नंबरचं मशीन. तिथे कोण बसलंय ते बघायला त्यांनी शिपाईमामांना पाठवलं. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ. मामांनी कव्हर उचलून टेबलाखालीही वाकून बघितलं म्हणे.

सरांचं पुढचं फर्मान होतं सर्व्हर रीबूट करा, म्हणजे जो असेल तो बाहेर फेकला जाईल. मी एक तास मागून घेतला. 'हू' ज्या फाइलमधून वाचते ती यूटीएमपी नावाची फाइल रन डिरेक्टरीत असते आणि ही डिरेक्टरी डिस्कवर नसून मेमरीत असते. रीबूट केलं की ओळ जाणार, हे नक्की. पण ती का आली होती, हे मग जन्मात कळलं नसतं आणि सरांच्या मनात तो मुलगा कायमचा चोर राहिला असता. आधी यूटीएमपी आणि तिची मोठी बहीण डब्ल्यूटीएमपी, दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि मग बसलो.

तीन कमांड, तीन उत्तरं

सुरुवात 'हू -यू'ने केली. या पर्यायाने ओळीत दोन गोष्टी वाढतात. एक, टर्मिनल किती वेळ निपचित आहे आणि दोन, त्या सेशनच्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक: पीआयडी. मिनिटाभरात हालचाल झाली असेल तर पहिल्या जागी टिंब येतं, चोवीस तासांहून जास्त काळ शांतता असेल तर 'ओल्ड' असा शब्द. सहायक३ च्या ओळीत ना टिंब होतं ना 'ओल्ड'. तिथे प्रश्नचिन्ह होतं:

सहायक३ पीटीएस/१७ २०२२-०८-१७ १०:५२ ? ११४८२ (१०.०.४.२७)

प्रश्नचिन्हाचा अर्थ असा की 'हू'ने त्या टर्मिनलची फाइल शोधली आणि तिला ती सापडलीच नाही. डेव्ह डिरेक्टरीतलं पीटीएस फोल्डर उघडून बघितलं. तिथे ० होतं, १ होतं, १७ नव्हतं. ज्या खुर्चीवर माणूस बसलाय असं कमांड सांगत होती, ती खुर्चीच खोलीत नव्हती.

मग ११४८२ ही प्रोसेस कोण? सेशन खोटं असेल तर हा क्रमांकही मेलेला असायला हवा. चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या पीएस कमांडला विचारलं, सोबत सुरू झाल्याची वेळही मागितली. उत्तर आलं: मायएसक्यूएलडी, म्हणजे आमच्या मारियाडीबी या डेटाबेसची मुख्य प्रोसेस. सुरू झाली रविवार, २२ जानेवारी, सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी.

इथे माझा जीव निम्मा भांड्यात पडला. लॉगिन १७ ऑगस्टचं आणि ते ज्या प्रोसेसच्या नावावर आहे तिचा जन्म २२ जानेवारीचा. मुलाची मुंज आधी आणि बापाचं बारसं नंतर, असा हिशेब.

तिसरी कमांड 'लास्ट'. ही डब्ल्यूटीएमपी वाचते, जिच्यात प्रत्येक येण्याजाण्याची नोंद एकाखाली एक साठत जाते. बहुतेक ठिकाणी ही फाइल दर महिन्याला फिरवली जाते आणि जुनी पुसली जाते. आमच्याकडे मी ते फिरवणं बंद करून ठेवलं होतं, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. १७ ऑगस्टच्या त्या लॉगिनपुढे 'लास्ट'ने इंग्रजीत जे लिहिलं त्याचा अर्थ होता 'गेला, पण बाहेर पडल्याची नोंद नाही'.

आणि 'अपटाइम'? मशीन किती वेळ चालू आहे आणि किती जण आत आहेत हे सांगणारी ती कमांड तर कित्येक महिने '३ यूजर्स' सांगत होती, जेव्हा प्रत्यक्षात दोनच असायचे. मी ते रोज बघत होतो आणि रोज दुर्लक्ष करत होतो. सरांच्या मेलमध्ये अपटाइम नव्हती, म्हणून इतके दिवस निभावलं.

एकाच मशीनवर, एकाच मिनिटाला, एका माणसाबद्दल 'हू' म्हणते आहे, 'लास्ट' म्हणते गेला, 'अपटाइम' नाव न घेता नुसतं डोकं मोजते. सरांना मी हे तिन्ही पडदे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "यातली खरी कुठली?" प्रश्न रास्त होता.

मस्टर

उत्तर द्यायला मला मस्टरच आठवलं. आमच्या कार्यालयात दाराशी हजेरीचं मस्टर असतं. येताना सही, जाताना सही. एखादा कर्मचारी जाताना सही करायला विसरला तर मस्टर उघडून बघणाऱ्याला तो रात्रभर ऑफिसातच आहे असं दिसेल. 'हू' ऑफिसात फिरून माणसं बघत नाही, ती मस्टर वाचते.

यूटीएमपी हेच ते मस्टर. लिनक्सवर त्यातली प्रत्येक नोंद ३८४ बाइटची. त्यात खात्याचं नाव, टर्मिनल, कुठून आला तो पत्ता, वेळ, पीआयडी आणि नोंदीचा प्रकार. प्रकार ७ म्हणजे माणूस आत आहे, ८ म्हणजे गेला. गंमत अशी की या वहीत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काही लिहीत नाही. लॉगिन घडवून आणणाऱ्या प्रोग्रामने, आमच्या बाबतीत एसएसएचच्या जोडण्या सांभाळणाऱ्या एसएसएचडीने, येताना ७ लिहायचं आणि जाताना आठवणीने त्याचं ८ करायचं, असा हा सगळा सज्जनांचा करार आहे. जाताना लिहिणाराच मेला तर ७ तसाच राहतो.

करार जुना आहे. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, त्यात 'हू' आहे आणि यूटीएमपीही आहे. तेव्हा ही फाइल टीएमपी डिरेक्टरीत असायची, म्हणजे चहाचा कप ठेवतात त्या टेबलावर हजेरीपट. पुढे सनओएसच्या ४.१ मालिकेत ती कुणालाही लिहिता येईल अशी उघडी असल्याने सुरक्षेचं भोक पडलं होतं आणि १९९४ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा निघाला होता. आज लिनक्सवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, आणि यूटीएमपी नावाचा खास गट यांनाच ती लिहिता येते. पण जो लिहितो त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हे मूळ तत्त्व तेच राहिलं.

आता तिन्ही कमांडींची उत्तरं का वेगळी, ते इथून उलगडतं. 'अपटाइम' वहीतल्या ७ च्या ओळी मोजते आणि गप्प बसते. 'हू' थोडी सावध आहे. ती प्रत्येक नोंदीतल्या पीआयडीला शून्य क्रमांकाचा सिग्नल पाठवून बघते. हा सिग्नल कुणाला काही करत नाही, फक्त दार वाजवल्यासारखा असतो. असा कुणी नाहीच असं उत्तर आलं तर 'हू' ती ओळ गाळते. पण दार कुणी उघडलं, हे ती बघत नाही. घर क्रमांक ११४८२ मध्ये कुणीतरी राहतं ना, मग झालं.

'लास्ट' त्याच्याही पुढे जाते. प्रॉक डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरमध्ये लॉगिनयूआयडी नावाची छोटी फाइल असते. ही प्रोसेस मुळात कुठल्या खात्याच्या लॉगिनमधून उगवली, ते तिच्यात असतं. 'लास्ट' तो आकडा सहायक३ च्या आकड्याशी ताडून बघते. मी स्वतः ती फाइल उघडली. आत होतं ४२९४९६७२९५. इतका विचित्र आकडा म्हणजे 'कुणाच्याच लॉगिनमधून नाही, सिस्टिमनेच सुरू केलेली'. डेटाबेस सर्व्हर तसाच असतो. जुळलं नाही, म्हणून 'लास्ट'ने निकाल दिला: गेला. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल, ही म्हण तिघींत हिलाच पाळता येते.

याचा एक पडताळा कुणालाही करून बघता येईल. 'हू'ला फाइलचं नाव हाताने दिलं तर ती दार वाजवायचं सोडून देते आणि वहीत आहे तसं वाचून दाखवते. म्हणजे शिळी नोंद असलेल्या मशीनवर नुसतं 'हू' आणि यूटीएमपीचं नाव देऊन केलेलं 'हू' यांची उत्तरं वेगळी येतात. मी हे रविवारच्या आधी कधीही करून बघितलं असतं तर पाच महिने आधीच सहायक३ भेटला असता.

रविवारीच का, आणि १७ च का

सरांचा मुद्दा मात्र अजून उभा होता: इतके दिवस दिसला नाही आणि आताच का दिसला?

पीआयडीचे आकडे अनंत नसतात. आमचं डेबियन १० चं मशीन, तिथे कमाल मर्यादा ३२७६८. तिथवर पोचलं की मोजणी ३०० च्या आसपास परत येते आणि जे क्रमांक मोकळे असतील ते पुन्हा वाटते. नव्या सिस्टिमवर सिस्टिमडी (मशीनवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ही मर्यादा चाळीस लाखांच्या वर नेऊन ठेवते, पण ते २०१९ मधल्या २४३ आवृत्तीपासून, आणि आमच्याकडे होती २४१. आमच्या सर्व्हरवर दर मिनिटाला क्रॉनची बारीकसारीक कामं चालतात, मिनिटाला वीसेक प्रोसेस जन्मतात आणि मरतात. हिशेब केला तर दिवसाला अठ्ठावीस हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण रोज एकदा मोजणी फिरून ११४८२ वर यायची, तो क्रमांक एखाद्या क्षणभंगुर स्क्रिप्टला मिळायचा, तेवढा निमिषभर सहायक३ 'हू'मध्ये जिवंत व्हायचा आणि परत मरायचा. सकाळी सातच्या ठोक्याला हा योग कधी जुळला नाही, इतकंच.

रविवारी सकाळी मारियाडीबीचा पॅच आपोआप लागला. डेबियनवर हे काम सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान कधीतरी होतं. पॅच लागला, डेटाबेस पुन्हा सुरू झाला आणि त्या वेळी मोजणी नेमकी ११४८२ वर होती. डेटाबेस स्क्रिप्टसारखा मरत नाही, आठवडेच्या आठवडे चालतो. मेलेल्या नोंदीला आता दीर्घायुषी शरीर मिळालं. भुताटकीच्या गोष्टीत शोभेल असा प्रकार, फक्त यात मांत्रिकाऐवजी पॅकेज मॅनेजर होता. रविवारी सातच्या मेलमध्येही ती ओळ होतीच, पण रविवारी सर मेल बघत नाहीत.

१७ या आकड्यातही एक गोष्ट दडली होती. नवं टर्मिनल उघडलं की लिनक्स सगळ्यांत लहान मोकळा क्रमांक देतो: ०, १, २ असं. आमच्या सर्व्हरवर एरवी फार तर पाच-सहा सेशन असतात, प्रात्यक्षिकं मुलं आपापल्या मशीनवरच करतात. म्हणजे कुणाला १७ मिळाला असेल तर त्या वेळी आधीचे सतरा क्रमांक भरलेले असणार. हे खूप महत्त्वाचं आहे, कारण एखाद्या टर्मिनलवर नवा माणूस आला की वहीतली त्या टर्मिनलची जुनी नोंद आपोआप खोडली जाते. शिळी नोंद पीटीएस/२ ची असती तर दुसऱ्या दिवशीच पुसली गेली असती. ती टिकली कारण तिच्यापर्यंत परत कुणी पोचलंच नाही. आणि मशीन रीबूट न होता २३९ दिवस चालू होतं. आमच्या गावातल्या भारनियमनाच्या मानाने हे इन्व्हर्टरचं यश म्हणायचं की पॅच लावून रीबूट टाळणाऱ्या माझं अपयश, यावर मतभेद होऊ शकतात.

१७ ऑगस्टला इतकी गर्दी कशाची? मी माझी कामाची वही काढली. कागदाची, दोनशे पानी, कडांना तेलकट डाग असलेली. बुधवार, १७/८. वर लिहिलं होतं: कार्यशाळा, २५ जण, सर्व्हरवर. आणि त्याच पानावर खाली, माझ्याच अक्षरात:

'सहा.३ चं सेशन अडकलं, मेमरी खाल्ली. त्याने सांगितल्यावरून -९ ने मारलं. ४.५०.'

त्या दिवशी त्याची आलेख काढणारी स्क्रिप्ट बेफाम झाली होती, टर्मिनल गोठलं होतं आणि तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला होता, "सर, माझं सेशन मारता का?" मी रूट म्हणून पीकिल या प्रोसेस मारणाऱ्या कमांडला -९ आणि 'एसएसएचडी: सहायक३' हा मजकूर देऊन मोकळा झालो. इथेच घोटाळा झाला. एसएसएचडीच्या प्रत्येक सेशनच्या दोन प्रोसेस असतात. एक त्या खात्याच्या हक्काने चालणारी, दुसरी तिच्यावर नजर ठेवणारी, रूटच्या हक्काची. वहीत ८ लिहायचं काम या दुसरीचं. मी फक्त त्याच्या खात्याच्या प्रोसेस मारल्या असत्या तर तिने सगळं आवरून, नोंद करून दिवा मालवला असता. माझ्या आज्ञेतला मजकूर दोघींच्या नावात बसत होता, त्यामुळे दोघी गेल्या. आणि -९ हा सिग्नल असा की प्रोसेसला शेवटचा शब्द बोलायची मुभाच नसते. साधा किल पाठवला असता तरी चाललं असतं. पण कार्यशाळेत पंचवीस जण बघत असताना माणसाला शौर्य दाखवायची हुक्की येते.

म्हणजे आरोपी गैरहजर होता आणि त्याला हजर दाखवणारा मी होतो. सरांना हे सांगताना मी वहीचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. काही बोलले नाहीत.

जो दिसला नाही

'हू'वरचा माझा विश्वास उडाल्याने आत खरोखर कोण आहे ते दुसऱ्या वाटेने बघायचं ठरवलं. 'लॉगिनसीटीएल' ही कमांड यूटीएमपी वाचत नाही, ती सिस्टिमडीच्या लॉगिनडी या लॉगिन सांभाळणाऱ्या भागाला विचारते. लॉगिनडी प्रत्येक सेशनच्या प्रोसेस कर्नलच्या एका गटात बांधून ठेवतो, त्यामुळे कुणी सही केली की नाही यावर त्याचं काही अडत नाही. त्या यादीत सहायक३ नव्हता, अपेक्षेप्रमाणे. पण 'ग्रंथालय' होतं. शनिवारपासून. टर्मिनलचा रकाना रिकामा.

चालू जोडण्या दाखवणाऱ्या एसएस कमांडने २२ क्रमांकाच्या, म्हणजे एसएसएचच्या, पोर्टवरची जोडणी बघितली, तर खरंच, ग्रंथालयातल्या मशीनवरून चालू जोडणी. तिथल्या मॅडमनी फाइल मॅनेजरमधून सर्व्हरवरचं फोल्डर एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइली हाताळायच्या पद्धतीने) जोडून ठेवलं होतं आणि शनिवारी मशीन तसंच चालू ठेवून त्या घरी गेल्या होत्या. एसएफटीपीला टर्मिनल लागत नाही. टर्मिनल नाही म्हणून यूटीएमपीत नोंद नाही, नोंद नाही म्हणून 'हू'मध्ये नाव नाही. यूटीएमपीच्या मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलेलं आहे की सगळेच प्रोग्राम इथे नोंद करत नाहीत, त्यामुळे वहीत दिसतात त्याहून जास्त लोक आत असू शकतात. आम्ही मात्र दीड वर्ष रोज सकाळी ही अर्धी वही सुरक्षेचा अहवाल म्हणून मेल करत होतो.

"म्हणजे नाही तो दिसतो आणि आहे तो दिसत नाही?" सर म्हणाले.

"हो सर."

"मग हा मेल मी वाचत कशाला होतो?"

आणि राहिली ती सकाळची पाल. सहायक३ च्या होम फोल्डरमध्ये किल्ली होती. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत त्याला हवं असतं तर तो घरबसल्या आत येऊ शकला असता. ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंदवही, डेबियन चार आठवडेच ठेवतो. तेवढ्या चार आठवड्यांत त्या खात्याने एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. चोर नव्हता, पण कडी खरंच उघडी होती, आणि ती उघडी ठेवणाराही मीच. खात्याची मुदत संपवली, किल्लीची फाइल काढून बाजूला ठेवली. हेही सरांना सांगितलं. सांगितलं नसतं तर बाकीचं सगळं स्पष्टीकरण स्वतःची कातडी वाचवण्यासाठी झालं असतं.

नोंद पुसणं

शिळी ओळ काढायचे तीन मार्ग होते. रीबूट. किंवा यूटीएमपीडंप या कमांडने वही मजकुरात उतरवायची, ७ चं ८ करायचं आणि उलट्या पर्यायाने परत भरायची. हे चालतं, पण चालू मशीनच्या हजेरीपटात हाताने खाडाखोड करायची, तीही ज्या दिवशी सरांना संशय आलाय त्याच दिवशी, हे मला पटेना. तिसरा मार्ग निवडला, कारण तो सरांना डोळ्यांनी बघता येणार होता.

दुपारी चारला द्वितीय वर्षाची वीस जणांची बॅच प्रयोगशाळेत होती. अ‍ॅडमिन आणि परीक्षा यांनी ० आणि १ अडवलेले. म्हणजे २ ते १७, सोळा जण हवे होते. मुलांना सांगितलं, एकेकाने सर्व्हरवर लॉगिन करा आणि तसंच बसून राहा. सर माझ्या खुर्चीमागे उभे. दर दोन सेकंदांनी 'हू' पुन्हा चालवणारा पडदा समोर. पीटीएस/२, ३, ४... नावं खालून वर चढत गेली. दहाव्याला एकाचा पासवर्ड चुकला, दोनदा चुकला, हशा झाला. पंधरावं नाव आलं तेव्हा पीटीएस/१६ भरला आणि सहायक३ ची ओळ अजून तशीच, १७ ऑगस्टची तारीख घेऊन.

सोळावी मुलगी कोपऱ्यातल्या मशीनवर होती. तिने एंटर दाबलं. पुढच्या दोन सेकंदांत त्याच ओळीवर, त्याच जागी, एसवाय४१ पीटीएस/१७ २०२३-०१-२३ १६:१२ असं उमटलं. सहायक३ गेला. मी तिला म्हणालो, आता एक्झिट लिही. तिने लिहिलं आणि ती ओळही गेली. अपटाइम चालवली, सतरा जण. पंधरा मुलं आणि आम्ही दोन. पाच महिन्यांत पहिल्यांदा आकडा बरोबर आला.

मुलांना काय झालं ते कळलं नाही. एकाने विचारलं, "सर, अटेंडन्स लागली का?"

त्याच आठवड्यात सातच्या मेलमधून 'हू' काढली. आता त्यात लॉगिनसीटीएलची यादी, २२ वरच्या चालू जोडण्या आणि आदल्या दिवशी ऑथ लॉगमध्ये स्वीकारली गेलेली लॉगिनं जातात. मेल तीन ओळींवरून तीसेक ओळींवर गेला आणि सर तो आता पूर्वीइतक्या आवडीने वाचत नाहीत. सेशन मारताना आधी साधा किल, दहा सेकंद थांबायचं आणि तरीही गेलं नाही तरच -९, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय. नोकरी सोडणाऱ्याच्या यादीत 'किल्ली काढली का' हा रकाना वाढला.

हे सगळं आता परत आठवायचं कारण म्हणजे आम्ही तो सर्व्हर डेबियन १३ वर नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत जुनी 'लास्ट' आणि 'लास्टलॉग' नाहीतच. त्या जुन्या वह्यांमध्ये वेळेसाठी ३२ बिटांचीच जागा आहे, ६४ बिटांच्या मशीनवरसुद्धा, आणि १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की ती जागा भरते. म्हणून सुसे या लिनक्स कंपनीतल्या थॉर्स्टन कुकुक यांनी डब्ल्यूटीएमपीडीबी नावाचा पर्याय लिहिला, तो नोंदी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. 'हू'लाही २०२३ च्या कोअरयूटिल्स ९.४ पासून (ती ज्या कमांडसंचात येते त्याची आवृत्ती) लॉगिनडीकडूनच माहिती घेण्याची सोय मिळाली आहे, तशी बांधणी केली असेल तर. दुसऱ्या टोकाला आल्पाइन नावाचं लिनक्स आहे. तिथल्या मसल लायब्ररीने यूटीएमपीचा नाद मुळातच सोडलाय, त्यामुळे तिथे नेहमीच्या मांडणीत दहा जण आत असले तरी 'हू' कोरी पाटी दाखवते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. सरांना तो मी दाखवलेला नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी निघताना मी अनुभव प्रमाणपत्राचा विषय काढला. सर म्हणाले, बघू. मंगळवारीही बघू. शुक्रवारी मामा जावक रजिस्टर घेऊन आले, तेव्हा सगळ्यांत खालच्या ओळीत त्या मुलाचं नाव आणि गावचा पत्ता होता, पुढे रजिस्टर पोस्टाची पावती टाचलेली.

"हे आज पाठवायचंय म्हणाले," मामा म्हणाले. "आणि ते २७ नंबरचं कव्हर धुऊन टाकलंय मी."